वाळूतील अस्थी आणि उद्याचे अभ्यासक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मुनिरका येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास ह्या विषयांना अग्रमान मिळावा हे स्वाभाविकच आहे. त्यांच्या पंक्तीला दगड आणि हाडे ह्यांनाही पान मांडण्याचे औदार्य आपण दाखविलेत, ह्याबद्दल भूशास्त्राचा एक विद्यार्थी ह्या नात्याने मी आपला ऋणी आहे. आजचा विषय दुहेरी आहे. मरुभूमीत सापडणारे जीवाश्म कोणती साक्ष देतात, हा त्याचा पहिला भाग. आणि ती साक्ष नोंदवून घेणारी नवी पिढी कशी घडते, हा दुसरा. पहिला भाग मनोरंजक आहे. परंतु मला काळजी आहे ती दुसऱ्या भागाची, आणि त्याचा संबंध ह्या सभागृहात बसलेल्या प्रत्येक आईवडिलांशी आहे.

प्रथम आपल्या पायाखालच्या भूमीविषयी बोलू. मुनिरक्याच्या परिसरात आणि शेजारच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या आवारात जे लालसर-करडे खडक उघडे दिसतात, ते अरवली पर्वताच्या उत्तरेकडील टोकाचे होत. ते शंभर कोटी वर्षांहूनही जुने आहेत. त्यांत हाड सापडणे शक्य नाही, कारण ते घडले तेव्हा हाडे असलेला प्राणीच पृथ्वीवर अवतरला नव्हता. उलट आपण ज्या देशातून आलो, तो सह्याद्रीचा काळा कातळ तप्त लाव्हारसाचा. त्यात जीव टिकणार कसा? जन्मभूमी अग्नीतून निघालेली आणि कर्मभूमी जीवसृष्टीच्या आधीची, अशा दोन खडकांमध्ये आपले आयुष्य गेल्यामुळे जीवाश्म ही वस्तू परदेशातील संग्रहालयांत पाहावयाची, अशी मराठी माणसाची समजूत होऊन बसली आहे. ती समजूत खरी नाही.

जैसलमेर पाहिले नाही असे कुटुंब दिल्लीत विरळाच. तेथला सोनेरी किल्ला ज्या पिवळ्या दगडाने बांधला आहे, तो दगड समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचा आहे. ज्युरासिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळात आजचे थरचे वाळवंट समुद्रकिनारा होते. जैसलमेरपासून सुमारे १७ किलोमीटरवर, बाडमेरच्या रस्त्याला, आकल येथे सुमारे २१ हेक्टरांचे एक उद्यान आहे. तेथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे दगड झालेले बुंधे उघड्यावर पडलेले आहेत. ज्या भूमीत आज सावलीसाठी खेजडीचे एखादे झाड शोधावे लागते, तेथे एके काळी घनदाट अरण्य होते, हे त्या बुंध्यांवरून कळते.

२०१४ च्या जानेवारीत ज्युरासिक काळाच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद जयपूरला भरली होती. त्या निमित्ताने जैसलमेरजवळील थईयात येथे गेलेल्या अभ्यासकांना एका खडकावर डायनोसॉरच्या पावलांचे ठसे आढळले. त्या खडकावरून किती माणसे चालून गेली असतील! पाऊल उमटले होते, पण ते ओळखणारी दृष्टी तेथे पोहोचली नव्हती. पुढे २०१८ पासून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पथकाने जैसलमेर परिसरात काही अस्थी गोळा केल्या. रुडकीच्या आय. आय. टी.तील सुनील बाजपेयी, देबजित दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला, आणि २०२३ साली जगाला ‘थारोसॉरस इंडिकस’ हे नाव मिळाले. हा लांब मानेचा शाकाहारी डायनोसॉर १६.७ कोटी वर्षांपूर्वीचा असून आपल्या कुळातला सर्वांत प्राचीन ज्ञात प्राणी ठरला आहे. त्याच्या नावात आपले वाळवंट आणि आपला देश दोन्ही आले.

वाळवंटातच अशा गोष्टी का सापडतात, असा प्रश्न आपल्या मनात येईल. वस्तुतः जीवाश्म सर्वत्र दडलेले असू शकतात. पण कोकणात त्यांच्यावर माती, गवत आणि झाडे ह्यांचे पांघरूण असते. वाळवंटात ते पांघरूण नाही. वारा वाळू उडवतो आणि खडक उघडा करतो. मात्र जो वारा अस्थी उघडी करतो तोच तिला झिजवतोही. दिवसाचे ऊन, रात्रीची थंडी आणि खडकातील क्षार ह्यांच्या माऱ्याने कोट्यवधी वर्षे सुरक्षित राहिलेली अस्थी उघडी पडल्यावर थोड्याच पावसाळ्यांत भुगा होऊन जाते. म्हणजे निसर्ग हे पुस्तक एकदाच उघडतो आणि पान उलटताना फाडून टाकतो. त्या थोड्या अवधीत जाणता माणूस तेथे हजर असला पाहिजे.

हा जाणता माणूस घडतो कसा? ह्या बाबतीत आपल्या देशाचा अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील विदुषी पामेला रॉबिन्सन १९५७ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आल्या, आणि तेथे भूशास्त्राच्या अभ्यासाची शाखा उभी राहिली. त्या काळी बहुतेक परदेशी अभ्यासक येत, पेट्या भरत आणि निघून जात. रॉबिन्सनबाईंनी मात्र तरुण भारतीयांना बरोबर घेऊन प्राणहिता आणि गोदावरी ह्यांच्या खोऱ्याची वाट धरली. सोहनलाल जैन, तपन रॉयचौधरी, शंकर चॅटर्जी, टी. एस. कुट्टी ही नावे त्या पिढीची.

ज्या थरांत त्यांनी काम केले त्यांना भूशास्त्रात ‘कोटा’ थर म्हणतात. हे कोटा राजस्थानातले नव्हे, तर आपल्या गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी असलेले एक लहानसे गाव आहे. ह्याच थरांत, नदीपलीकडच्या तत्कालीन आदिलाबाद जिल्ह्यात, एका महाकाय प्राण्याची सुमारे ३०० हाडे मिळाली. पाय मोठा म्हणून ‘बारापा’, आणि ते काम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास झाले म्हणून ‘टागोराय’. असा ‘बारापासॉरस टागोराय’ १९७५ साली शास्त्रात दाखल झाला. त्याचा सांगाडा कोलकात्यात उभा आहे. मला त्या सांगाड्याहूनही मोलाची वाटते ती त्या निमित्ताने तयार झालेली माणसे. ह्याच संस्थेच्या पथकाने पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे आणखी एक डायनोसॉर खोदून काढला. त्याचे वर्णन १९९७ साली झाले आणि २००३ मध्ये त्याला संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘इसिसॉरस’ हे नाव मिळाले. एका शिक्षिकेने लावलेल्या रोपाचे फळ चाळीस वर्षांनी वरोऱ्याच्या बाजूला मिळाले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

विदर्भातील मंडळी येथे आहेत, त्यांना हिस्लॉप कॉलेज ठाऊक असेल. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश धर्मोपदेशक १८४५ मध्ये नागपूरला आले. लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ साचलेला आहे आणि त्यात शंखशिंपले व वनस्पती ह्यांचे अवशेष आहेत, हे त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर ह्यांनी नागपूरजवळ टाकळीच्या परिसरात पाहिले. ज्वालामुखी अखंड धगधगत नव्हता. दोन उद्रेकांच्या मध्ये दीर्घ शांतता होती आणि त्या शांततेत तळी भरत, जीव नांदत. आपला कातळ निर्जीव नाही, हे तेव्हापासून जगाला माहीत आहे. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील शिळावर्तुळे पाहून परतताना नाल्याच्या पुरात हिस्लॉप ह्यांचा अंत झाला. सव्वाशे वर्षांनी, १९८८ मध्ये, गुंटुपल्ली प्रसाद आणि अशोक साहनी ह्यांनी तेलंगणातील नसकल येथून उंदराएवढ्या एका सस्तन प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. क्रेटेशस काळातील भारतीय सस्तन प्राण्याचा तो पहिला पुरावा होता. त्याचे नाव त्यांनी ठेवले ‘डेक्कनोलेस्टीस हिस्लॉपी’, म्हणजे हिस्लॉपचा ‘दख्खनचा लुटारू’. त्याचे दात इतके बारीक की गाळ पाण्यात भिजवून, चाळण्यांतून धुऊन, उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली कणाकणाने निवडावा लागतो. घरी तांदूळ निवडणाऱ्या आपल्या आई-आजींची चिकाटी ज्याच्या अंगी आहे, त्यानेच ह्या कामाला हात घालावा.

वरोरा तालुक्यातील पिसदुरा हे गाव घ्या. तेथे डायनोसॉरची विष्ठा दगड होऊन विखुरलेली आहे. शेतात अशी ढेकळे दिसली तर आपण ती पायाने बाजूला सारू. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा त्यांत गवताच्या पेशींतील सिलिकाचे कण मिळाले. डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतर गवत वाढले, हा तोवरचा समज २००५ साली त्या शोधनिबंधाने मोडून काढला. भाताचे आणि बांबूचे दूरचे आप्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वी विदर्भात होते, हे एका शेणकुटाने सांगितले.

आता एक मराठी नाव. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील डॉ. धनंजय मोहबे ह्यांना १९८४ साली गुजरातेतील धोली डुंगरी येथे डायनोसॉरची अंडी आणि त्यांच्याजवळ नुकत्याच जन्मलेल्या पिलाची हाडे असलेला दगड मिळाला. त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि दगड जपून ठेवला. २००१ मध्ये अमेरिकेतील अभ्यासक जेफ्री विल्सन ह्यांनी तो पाहिला, तेव्हा त्यातील काही मणके पिलाचे नसून सापाचे आहेत असे त्यांच्या ध्यानी आले. अंड्याभोवती वेटोळे घातलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप आणि त्याच्यापुढे अर्धा मीटरचे पिलू, असे ते दृश्य होते. ६.७ कोटी वर्षांपूर्वी गाळाच्या एका लोंढ्याने ते तसेच्या तसे झाकून टाकले होते. २०१० मध्ये ‘सनाजेह इंडिकस’ ह्या नावाने तो साप प्रसिद्ध झाला. शोध लागला कधी? १९८४ मध्ये की २००१ मध्ये? माझे उत्तर असे की, मधल्या सतरा वर्षांत तो दगड जपला गेला, म्हणूनच शोध लागला.

असाच दुसरा प्रसंग. १८२८ साली जबलपूर येथे स्लीमन ह्यांना मिळालेल्या हाडांवरून १८७७ मध्ये ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव देण्यात आले. भारतात नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर. पुढे ती मूळ अस्थी कोठे गेली हे कोणालाच सांगता येईना. २०१२ मध्ये मोहबे आणि सुभाशिष सेन ह्यांनी ती कोलकात्याच्या संग्रहात पुन्हा शोधून काढली. कपाटातही उत्खनन करावे लागते, हे ह्यातून शिकण्यासारखे आहे. कच्छमधील पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीतून २००५ मध्ये आणलेले २७ मणके प्रथम मगरीचे वाटले होते. तरुण हातांनी ते साफ केले, आणि २०२४ साली ११ ते १५ मीटर लांबीचा ‘वासुकी’ नाग त्यांतून प्रकट झाला. खाण कोळशासाठी खोदली जाते. ते मणके तेथून हलवले नसते तर वासुकी कोणत्या भट्टीत गेला असता, हे सांगावयास नको.

ह्या कामी इजिप्त ह्या वाळवंटी देशाची कथा आपल्याला आरसा दाखवील. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट श्ट्रोमर ह्यांनी बहरिया येथील वाळवंटातून मिळालेल्या ‘स्पायनोसॉरस’चे वर्णन १९१५ मध्ये केले. ती हाडे म्युनिकला गेली. महायुद्ध पेटल्यावर संग्रह सुरक्षित स्थळी हलवावा ही श्ट्रोमर ह्यांची विनंती मान्य झाली नाही, आणि एप्रिल १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात सारे जळून गेले. इजिप्तच्या मुलांना आपल्या भूमीचा हा वारसा चित्रांतच पाहावा लागला. २०१० मध्ये हेशाम सल्लाम ह्यांनी परदेशातील शिक्षण संपवून मन्सुरा विद्यापीठात पृष्ठवंशीय जीवाश्मांच्या अभ्यासाचे केंद्र उभारले. त्यांनी विद्यार्थ्यांना, आणि विशेष म्हणजे विद्यार्थिनींना, वाळवंटात नेले. २०१७ साली सना एल-सय्यद ह्या विद्यार्थिनीने एका प्राचीन माशाचा शोधनिबंध प्रमुख लेखिका म्हणून प्रसिद्ध केला. २०१८ मध्ये दाखला मरूद्यानातील ‘मन्सुरासॉरस’ जगापुढे आला. २०२१ मध्ये अब्दुल्ला गोहर ह्या तरुणाने चार पायांच्या एका देवमाशाचे वर्णन केले. ह्या देवमाशांचे आप्त आपल्या कच्छातही आहेत. १९७५ मध्येच साहनी आणि मिश्र ह्यांनी त्यांचे अवशेष प्रसिद्ध केले होते. दोन्ही वाळवंटे तेव्हा समुद्राखाली होती. फरक इतकाच की, केवळ एका दशकात मन्सुऱ्याने स्वतःची पिढी उभी केली.

म्युनिकची गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, ते युद्ध होते. येथे दिल्लीत युद्ध नव्हते. मंडी हाऊसजवळचे राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय १९७८ साली उघडले. आपल्यापैकी अनेकांनी रविवारी मुलांचे बोट धरून ते पाहिले असेल. २६ एप्रिल २०१६ च्या पहाटे ते आगीत भस्मसात झाले. कोट्यवधी वर्षे भूमीने सांभाळलेले एका रात्रीत गेले. मी येथे कोणाला दोष देत नाही. परंतु जतन हे काम एकदा करून संपत नाही. प्रत्येक पिढीने ते नव्याने हाती घ्यावे लागते. २०२२ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. कायदा आवश्यक आहेच. तरी आकलच्या बुंध्यापाशी रात्रंदिवस उभे राहणारे माणूस कायद्याने मिळत नाही.

जीवाश्मांच्या अभ्यासात नवशिक्याला काय शिकवतात, ते थोडक्यात सांगतो. प्रथम चालायला शिकवतात: सकाळी आणि संध्याकाळी, तिरप्या उन्हात, कारण तेव्हा सावल्या लांब पडतात आणि लहानसा उंचवटाही दिसतो. मग शिकवतात हात आवरायला. सापडलेली वस्तू उचलावयाची नाही. आधी जागा नोंदवावयाची, छायाचित्र घ्यावयाचे, कोणत्या थरात आणि कोणत्या दिशेला पडली आहे ते वहीत लिहावयाचे. स्थळाची नोंद नसलेले हाड हे नावगाव नसलेल्या साक्षीदारासारखे असते. दगड की हाड असा संशय आल्यास जिभेचे टोक लावून पाहण्याची जुनी युक्ती आहे. सच्छिद्र हाड जिभेला चिकटते. नंतर हाडाला पातळ सरस पाजून मजबूत करावयाचे, भोवताली खणावयाचे, ओला कागद लावून गोणपाट आणि प्लास्टर ह्यांचे कवच चढवावयाचे, जसे मोडलेल्या हातावर चढवतात तसे. प्रयोगशाळेत ते कवच उघडून सुईच्या टोकाने खडक बाजूला करण्यात महिनेच्या महिने जातात. ह्या साऱ्यानंतर तुलना, आकृत्या आणि लेखन. एक चांगला अभ्यासक तयार व्हावयास दहा वर्षे लागतात, आणि ती दहा वर्षे त्याच्या शेजारी उभा राहणारा गुरू लागतो. पुस्तकातून हे शिकता येत नाही. गाण्याप्रमाणेच हीही गुरुमुखी विद्या आहे.

आता आपला प्रश्न. परगावी राहणाऱ्या मध्यमवर्गीय घरात मुलांनी स्थिर व्हावे ही इच्छा तीव्र असते, आणि ती अगदी रास्त आहे. आपल्या वडिलांनी नोकरीसाठी गाव सोडले, भाड्याच्या खोल्यांत दिवस काढले. त्यांच्या नातीने वाळवंटात तंबू ठोकून हाडे वेचावीत, हे सहजी गळी उतरत नाही. म्हणून मी आपल्याला गोड स्वप्ने दाखविणार नाही. केवळ जीवाश्मांवर उदरनिर्वाह करता येईल अशा जागा थोड्या आहेत. काम अंगमेहनतीचे आहे, उन्हाचे आहे, आणि यश उशिरा येते. परंतु भूशास्त्राचा पदवीधर उपाशी राहत नाही, हेही तितकेच खरे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणात लोकसेवा आयोगाच्या परीक्षेने प्रवेश मिळतो. तेल शोधणाऱ्यांना थरांचे वय ठरविण्यासाठी सूक्ष्म जीवाश्म जाणणारे लागतातच. खाणी, भूजल, धरणे ह्यांनाही ही विद्या हवी असते. आणि शिकण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. २०१७ मध्ये कच्छमधील लोडाई गावाजवळच्या, जवळजवळ संपूर्ण अशा सागरी सरीसृपाचे वर्णन ज्यांनी केले, ते प्रसाद ह्याच शहरातील दिल्ली विद्यापीठात शिकवीत होते.

तेव्हा मुलीने खिशातून खडे आणले तर ते फेकून देण्यापूर्वी एक प्रश्न विचारा, ‘हा कोठे सापडला?’ तिला जागा सांगता आली आणि तिने ती लिहून ठेवली, तर शास्त्राचा पहिला धडा झाला. जैसलमेरला जाल तेव्हा बाजारात मिळणारे शंखांचे ठसे असलेले दगड विकत घेऊ नका, आणि आकलहून लाकडाची ढलपीही आणू नका. आपल्या घरी ती शोभेची वस्तू होईल, तेथे ती पुरावा आहे. आपल्या मंडळाने ग्रंथालयात भूशास्त्राचे एक कपाट ठेवावे, हिवाळ्यात मुलांची एक सहल जाणत्या मार्गदर्शकासह मरुभूमीत न्यावी, आणि ज्या मुलाने वा मुलीने ही वाट धरली असेल तिला आपल्या निधीतून थोडी विद्यावृत्ती द्यावी, अशी माझी विनंती आहे. पन्नास वर्षे आपण गणेशोत्सव केला, नाटके केली, भाषा जपली. जपणे ही कला ज्या समाजाला साधली आहे, त्याला हे काम परके नाही.

कोटा, पिसदुरा, डोंगरगाव ही गावे जगाच्या शास्त्रग्रंथांत नोंदली गेली आहेत. ती नावे वाचून ‘हे आमच्याकडचे’ असे म्हणणारे मूल आपल्या घरांतून निघावे, आणि पुढे त्याने स्वतः एखाद्या नव्या गावाचे नाव त्यांत घालावे, एवढी अपेक्षा आहे.